विरजण कोणाचं?

दिवाळीच्या सुट्टीत खातेगावला घरी गेले, तेव्हा माझ्या बॅगेत दोन स्वेटरांच्या मध्ये गुंडाळलेली एक काचेची बरणी होती. बरणीत चहा होता आणि चहावर तरंगणारी एक फिकट, बुळबुळीत, जाडसर चकती. आईने झाकण उघडलं, वास घेतला आणि तोंड वाकडं करून बरणी लांब सरकवली. आजीने मात्र चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "विरजण दिसतंय कसलं तरी. कोणाकडून आणलंस?"

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ही चकती म्हणजे काय, हे आजीला कसं सांगायचं याची तयारी मी बसमध्येच करून ठेवली होती. पण तिने ते विचारलंच नाही. ते विरजण आहे हे तिला बघताक्षणी कळलं होतं. तिला हवं होतं ते एवढंच, की दिलं कोणी. तेव्हा मला हसू आलं. आता वाटतं की खरा प्रश्न तोच होता, आणि हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे.

आधी आमच्या गावाविषयी थोडं. खातेगाव देवास जिल्ह्यात आहे. इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर कन्नोद मागे टाकलं की आमचं गाव लागतं, आणि पुढे नेमावरला नर्मदा. एकेकाळी हा भाग होळकरांच्या राज्यात होता. आमच्यासारखी मराठी घरं तेव्हापासून इथे टिकून आहेत: घरात मराठी, अंगणात हिंदी आणि मंडईत माळवी. गल्लीत अजून विरजण मागायची पद्धत आहे. थंडीत दही नीट लागलं नाही की वाटी घेऊन शेजारी जायचं. विरजणाचे पैसे कोणी घेत नाही, आणि वाटी परत देताना ती रिकामी द्यायची नाही, एवढाच नियम.

माझ्या बरणीतलं विरजण मात्र दह्याचं नव्हतं, कापडाचं होतं.

हो, कापडाचं! सुझान ली नावाच्या लंडनच्या फॅशन डिझायनरने 2011 साली एका व्याख्यानात याची कृती जाहीर सांगितली होती. हिरवा चहा करायचा, त्यात साखर विरघळवायची, कोमट झाल्यावर थोडं व्हिनेगर आणि आधीच्या खेपेची चकती घालायची आणि वर फडकं बांधून भांडं ठेवून द्यायचं. दोन-तीन आठवड्यांत चहाच्या पृष्ठभागावर एक जाड थर धरतो. तो धुवायचा, लाकडावर पसरून वाळवायचा, कापायचा आणि शिवायचा. तिने अशी जाकिटं करून दाखवली होती.

या थरात नेमकं होतं काय? चहात यीस्ट आणि जिवाणू एकत्र नांदतात. यीस्ट साखर फोडतं आणि तिचा थोडा मद्यार्क करतं. जिवाणू त्या मद्यार्काचं आंबट आम्ल करतात. शिवाय त्यांतला एक जिवाणू ग्लुकोज खाऊन अंगातून अतिसूक्ष्म धागे बाहेर सोडतो. त्याचं आजचं नाव कोमागाटाइबॅक्टर झायलिनस, जुन्या पुस्तकांत ॲसिटोबॅक्टर झायलिनम. त्याला हवा लागते, म्हणून तो वरच्या वर राहतो, आणि कोट्यवधी जिवाणूंचे धागे एकमेकांत गुंतून पृष्ठभागावर चटई तयार होते. भांडं गोल तर चटई गोल, भांडं चौकोनी तर चौकोनी. हे धागे सेल्युलोजचे असतात. कापसाच्या तंतूतही नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोजच असतं. म्हणजे शेतात कपाशीचं झाड जे करतं, तेच हा जिवाणू घमेल्यात करतो. व्हिनेगरवर धरणारा असा पापुद्रा सेल्युलोजचा असतो, हे ब्राउन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1886 सालीच लिहून ठेवलं आहे. तेव्हा गोष्ट काही कालची नाही.

मी घरी प्लास्टिकचं एक मोठं घमेलं घेतलं, चार लिटर चहा केला आणि त्यात चारशे ग्रॅम साखर घातली. वर आजोबांचं जुनं धोतर बांधलं. सुट्टी संपली तेव्हा जेमतेम साय धरली होती. थंडीत जिवाणूही आळशी होतात. मी होस्टेलवर परतले आणि घमेलं आजीच्या ताब्यात गेलं. ती रोज फोनवर बातमी द्यायची, "आज जरा घट्ट झालंय हं. हलवलं नाही मी." नाताळच्या सुट्टीत परत गेले तर करंगळीएवढा जाड थर तयार! आम्ही दोघींनी तो धुऊन पाटावर पसरला आणि गच्चीवर उन्हात ठेवला. ओल्या थराचं जवळजवळ सगळं वजन पाण्याचंच असतं, त्यामुळे वाळल्यावर उरली एक पातळ, तपकिरी, अर्धपारदर्शक चामडी. दिसायला हुबेहूब आंब्याची पोळी. आजीने त्याचा बटवा शिवला, त्यात सुपारी भरली आणि गल्लीभर मिरवून आली.

चार दिवसांनी आईने तो बटवा चुकून धुण्यात टाकला. तो पाणी पिऊन असा फुगला, की आजी म्हणाली, "हा काय कपडा आहे? पाऊस आला की अंगावरच खीर होईल." सुझान लीनेही आपल्या व्याख्यानात हा दोष मोकळेपणाने सांगितला होता. तिची जाकिटं पाणी शोषून घेत, ती घालून पावसात जायची सोय नव्हती.

म्हणून पहिलं मत स्पष्टच मांडते. "आता कापूस संपला, कपडे प्रयोगशाळेत उगवणार" असे मथळे वाचून हुरळून जायचं कारण नाही. आज जिवाणूंचं जे कापड बनतं, ते लुगड्यापेक्षा चामड्याच्या जवळचं आहे. त्याच्या पिशव्या, पाकिटं, चपलांचे पट्टे होतील. साडी होणार नाही. बुरशीपासून चामड्यासारखा माल करणाऱ्या अमेरिकेतल्या बोल्ट थ्रेड्स या नावाजलेल्या कंपनीनेही पैशाअभावी 2023 साली आपल्या 'मायलो'चं काम थांबवलं. आणि "याला शेत लागत नाही" हेही अर्धंच खरं. जिवाणूला साखर लागते, आणि साखर उसातून येते. उसाला पाणी किती लागतं, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना मी सांगायला नको.

पण दुसरी बाजूही आहे. साखरेऐवजी कोणाच्या तरी कामातून उरलेलं पाणी वापरलं, तर हिशेब बदलतो. केरळात 'मलाई' नावाचा उद्योग नारळ फोडणाऱ्या कारखान्यांतून वाया जाणारं नारळपाणी घेतो, त्यावर हाच जिवाणू वाढवतो, त्यात केळीच्या खुंटाचे वगैरे धागे मिसळतो आणि चामड्यासारखा ताव बनवतो. आपल्या महाराष्ट्रातली केबीकोल्स सायन्सेस ही कंपनी सूक्ष्मजीवांकडून कापडाचे रंग काढते. म्हणजे हे सगळं लंडन-अमेरिकेतच चाललंय असं नाही, आपल्या दारात आलेलं आहे.

आणि खरं बघितलं तर आपल्या दारातून ते कधी गेलंच नव्हतं. धार जिल्ह्यात बाग नावाचं गाव आहे, लेण्यांसाठी आणि छपाईसाठी प्रसिद्ध. तिथले खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापडावर लाल-काळी नक्षी छापतात. छापण्याआधी कापड एरंडेल, खारी माती आणि बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मळून, भिजवून, वाळवून घेतात. मग हिरड्याचा हात. मग बाघिनी नदीचं वाहतं पाणी. कॉलेजात शिकलेल्या भाषेत सांगायचं तर लेंड्यांमधले सूक्ष्मजीव आणि त्यांची विकरं तिथे कामाला लागलेली असतात. कारागिराने ते कधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले नाहीत, पण त्यांना कामाला कसं लावायचं हे पिढ्यान्‌पिढ्या जमवलं. अंबाडी, ताग पाण्यात सडवून वाख काढतात, तेही जिवाणूंचंच काम. निळीचे रांजण आंबवत असत, तेही. कापडाच्या धंद्यात हे बिनपगारी मजूर पहिल्यापासून आहेत.

बकरीच्या लेंडीतल्या जिवाणूवर मालकी सांगायला मात्र कोणी आलं नव्हतं. आता तशी वेळ येऊ शकते, आणि माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं.

माझे मामा खरगोनकडे कपाशी लावतात. आजोबांच्या वेळी सरकी घरचीच असायची. चांगली बोंडं निवडून त्यांचं बी राखेत घोळवून ठेवायचं आणि पुढच्या मृगाला तेच पेरायचं. मार्च 2002 मध्ये आपल्याकडे बीटी कपाशीला परवानगी मिळाली. 'बीटी' म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. बोंडअळीला मारणारं त्याचं जनुक कपाशीत घातलं होतं. पहिली काही वर्षं फायदा झाला, ते मामाही नाकारत नाहीत. पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली. 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात तिने काय हाहाकार केला, ते वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचलं आहे. पण मामा वेगळीच गोष्ट सांगतात. "बी हातातून गेलं ना, ते काही कोणी हिसकावून नेलं नाही. नुसतं पाकीट आलं. दुसऱ्या वर्षी दुसरं पाकीट आलं. पाच वर्षांनी बघतो तर घरात राखेचं मडकंच नाही."

गंमत अशी की कायद्याने शेतकऱ्याचा हक्क गेलेला नाही. 2001 सालच्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं एकोणचाळीसावं कलम सांगतं, की शेतकरी आपलं बी राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. पण बाजारात आलेलं बीटी बियाणं बहुतेक संकरित. संकरित झाडाचं बी पुन्हा लावलं तर पीक एकसारखं येत नाही. म्हणजे हक्क आहे, पण बी टिकत नाही. कागदावरचा हक्क कागदावरच राहिला.

आता जिवाणूंच्या कापडाकडे बघा. इथे बरोबर उलटं आहे. विरजण मरत नाही. खायला दिलं तर ते दहा, वीस, पन्नास वर्षं चालेल, एका बरणीच्या दोन होतील, दोनाच्या चार. पण हक्काचं काय?

आपल्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात कशाकशाला पेटंट मिळत नाही याची यादी आहे. त्यात म्हटलंय की वनस्पती, प्राणी, त्यांचे भाग, बियाणं, वाण यांना पेटंट नाही. चांगली गोष्ट आहे. पण त्याच वाक्याच्या पोटात एक अपवाद बसलाय: "सूक्ष्मजीव वगळता". 2002 च्या दुरुस्तीत हे शब्द आले, कारण जागतिक व्यापार करारात तशी अट होती. निसर्गात जसा सापडला तसा जिवाणू कोणी आपल्या नावावर करू शकत नाही, तो नुसता शोध ठरतो. माझी बरणी सुरक्षित आहे! पण त्याच जिवाणूत माणसाने बदल घडवून जास्त धागा देणारा, पाणी कमी पिणारा, रंग धरणारा असा नवा प्रकार तयार केला, तर तो वीस वर्षं एका मालकाचा होऊ शकतो.

या वाटेची सुरुवात एका भारतीयानेच केली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. बंगालमध्ये जन्मलेले आनंद चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत होते. तिथे त्यांनी खनिज तेल पचवणारा जिवाणू तयार केला. सजीवाला पेटंट देता येणार नाही, असं तिथल्या पेटंट कार्यालयाने सांगितलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1980 साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: माणसाने घडवलेल्या जिवाणूला पेटंट देता येतं. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर निकाल उलटा लागला असता.

चक्रवर्तींना मी दोष देत नाही. त्यांनी केलं ते विज्ञानच होतं, आणि जो वर्षानुवर्षं खपतो त्याला मोबदला मिळायला हवा, हेही मला मान्य आहे. आमच्या विभागातल्या एका मित्राशी यावरून माझं जोरदार भांडण झालं. तो म्हणाला, "पेटंट नसेल तर कंपनी पैसे कशाला घालेल? तुझ्या आजीच्या बटव्याला पाऊस सोसत नाही. तो सोसायला लावायचा तर करोडो रुपये लागतील." त्याचं बरोबर आहे. तो पुढे म्हणाला, "आणि जनुक बदललेला जिवाणू वाटीतून गल्लीभर वाटायचा का?" त्याचं हेही बरोबर आहे. तसल्या जिवाणूंना जैवसुरक्षेचे नियम हवेतच, आणि ते कडक हवेत.

पण माझी मागणी त्याहून लहान आहे. कंपनीने आपलं यंत्र, आपली प्रक्रिया, आपला लेप यांचं पेटंट जरूर घ्यावं. प्रश्न आहे तो सरकारी पैशातून निवडलेल्या, सुधारलेल्या साध्या विरजणाचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम, म्हणजे औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. हजारो जिवाणू, यीस्ट, बुरशा तिथे जपून ठेवल्या आहेत. संशोधक आणि कारखाने शुल्क भरून तिथून नमुने मागवतात. जिवाणूंची ती सार्वजनिक बियाणे बँकच म्हणा ना! अशा संग्रहातून उद्या कापडाचं चांगलं विरजण एखाद्या बचत गटाला, हातमागवाल्याला, चर्मकाराला मिळेल का? इंग्रजी अर्ज न भरता? आणि एकदा मिळालं की ते वाढवायचा, शेजारच्या गटाला द्यायचा हक्क त्याला असेल का? शेतकऱ्याला बियाण्याचा जो हक्क एकोणचाळीसाव्या कलमाने दिला, तसा विरजणाचा हक्क कारागिराला देणारा कायदा आपल्याकडे नाही. तो हवा.

आणि तो आत्ताच हवा, कारण आत्ता या धंद्यात कोणाचं फार काही अडकलेलं नाही. बाजार उभा राहिला, पाकिटं आली, कर्ज झालं, की मग हक्क मागणं म्हणजे मामांच्या घरी राखेचं मडकं शोधण्यासारखं आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा बटव्यावरून ही पोर कायदा बदलायला निघाली. पण आमच्याच बाजूला एक उदाहरण आहे. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर आणून वसवले. विसाव्या शतकात तिथले माग बंद पडत चालले होते. मग होळकर घराण्यातल्याच रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा संस्था काढली, बायकांना मागावर बसवलं, आणि आज महेश्वरी साडी सगळीकडे मिळते. माग पुन्हा चालले, कारण माग कसा चालवायचा हे ज्ञान गावात होतं आणि त्याला कुलूप नव्हतं. उद्याच्या कापडाचा माग जिवंत आहे, एवढाच फरक. त्याला कुलूप घालणं मात्र जास्त सोपं आहे, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही.

परवा आजीचा फोन आला होता. समोरच्या काकूंनी विरजण मागितलं म्हणे. त्यांच्या मुलीला शाळेच्या प्रदर्शनात काहीतरी ठेवायचं होतं. मी विचारलं, "मग दिलंस?"

"दिलं की. वरचा पापुद्रा कापला आणि वाटीत घालून दिला. त्यांनी वाटीतून शेव पाठवली." मग जरा थांबून म्हणाली, "का गं? विचारायला हवं होतं का कोणाला?"

मी म्हटलं, "नाही आजी. अजून तरी नाही."

माझी बरणी सध्या होस्टेलच्या खोलीत, टेबलाखाली अंधारात आहे. वाङ्मय मंडळातल्या ज्या कोणाला करून बघायचं असेल, त्याने झाकणाची स्वच्छ बरणी घेऊन यावं. चकती मी देईन. चहा-साखर तुमची. आणि बरणीवर हिरवी-काळी बुरशी आली तर मोह न ठेवता सगळं टाकून द्यायचं आणि पुन्हा मागायला यायचं. तोच तर विरजणाचा नियम आहे.